क्रेनखालचे नऊ नारळ

आमच्या बदलापुरात समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी उभा जन्म समुद्रावर नोकरी केली असं म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा माझ्या चपलांकडे बघतो. सोसायटीत राहायला आलो तेव्हा सेक्रेटरींनी फॉर्म पुढे केला. 'व्यवसाय' ह्या रकान्यात मी लिहिलं, 'बंदरावरच्या मोठ्या क्रेन बार्जवर चढवून एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणे'. ते म्हणाले, "भोईर, रकाना लहान आहे, थोडक्यात लिहा." तेव्हा माझी बायको हिरा पुढे झाली आणि म्हणाली, "हे बोटीत पाणी भरतात." सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. बोटीतलं पाणी बाहेर काढणारा माणूस त्यांनी कुठेतरी ऐकला असेल, भरणारा पहिलाच. तेव्हापासून ते माझ्याशी फार मायेने वागतात आणि मीटिंगमध्ये मला कुठल्याही कमिटीवर घेत नाहीत.

पण हिरा खोटं बोलली नव्हती. माझं काम खरोखर तेच होतं.

बंदरावरची क्रेन म्हणजे हायवेवर बंद पडलेला ट्रक ओढून नेते ती नव्हे. चार पायांवर उभी, पंधरा-वीस मजली इमारतीएवढी उंच, रुळांवर चालणारी, जहाजातले कंटेनर पेटीसारखे उचलणारी. एका बंदराला ती जुनी झाली की दुसरं, जरा गरीब बंदर ती विकत घेतं. सुटी करून न्यायची म्हटलं तर वर्ष जातं, आणि परत जोडताना हटकून चार बोल्ट उरतात. मग ती अख्खी, उभीच्या उभी बार्जवर चढवायची. बार्ज म्हणजे सपाट पाठीचं, इंजिन नसलेलं लोखंडी जहाज. त्याला टग नावाची छोटी तगडी बोट दोरखंडाने ओढत नेते.

आता खाटेच्या एका कडेला वजनदार पाहुणा बसला की दुसरी कड उचलते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. क्रेनचे पुढचे पाय बार्जवर आले की बार्जची तीच गत होते. त्यात समुद्र काही स्वस्थ बसलेला नसतो. भरती चढत असते आणि अख्खी बार्ज वर वर येत असते. म्हणून बार्जच्या पोटात टाक्या असतात. बार्ज वर यायला लागली की टाकीत समुद्राचं पाणी घ्यायचं, खाली जायला लागली की पंपाने उपसून टाकायचं, आणि धक्का नि बार्ज एका पातळीत ठेवायचे. दोन बोटांचा फरक चालतो. तीन बोटं झाली की माणसं घामाघूम होतात. चार बोटं झाली की ज्याला जो देव आठवेल तो.

हे काम मला जमलं कारण मी मूळचा जांभूळचा. गावाशेजारीच पाण्याचा प्लांट, आणि उमेदीची काही वर्षं मी तिथे एका ठेकेदाराकडे व्हॉल्व्ह फिरवले. बारवी धरणाचं पाणी कुठल्या भागाला किती वेळ सोडायचं हे माझ्या पान्यावर असायचं. थोडक्यात, निम्म्या अंबरनाथच्या अंघोळी माझ्या हातात होत्या. तिथले चेंबर खोल. वरून हाक मारली तर खालच्याला ऐकू यायची नाही. मग आम्ही पाइपावर पाना आपटायचो. एक ठोका म्हणजे उघड, दोन ठोके म्हणजे बंद, तीन म्हणजे पंप लाव. पुढे बार्जच्या कंपनीत गेलो तेव्हा पाहिलं तर तिथेही तोच प्रकार. टाक्या डेकच्या खाली, सगळीकडे लोखंड, वॉकीटॉकीतून नुसती खरखर. मी जांभूळ-बदलापूरची अकरा माणसं जमवली आणि ठोक्यांची पद्धत समुद्रावर नेली. डेकवर एक जाडजूड लोखंडी खुंट वेल्ड करून घेतला, त्याचं खालचं टोक थेट टाक्यांपर्यंत. वर मी पाना आपटायचा, खाली बाळारामने खुंटाला कान लावून बसायचं. फोनला रेंज नसायची, पण लोखंडाला होती.

बाळाराम म्हणजे माझा मेहुणा, हिराचा धाकटा भाऊ. ही भरती मी हिराच्या सांगण्यावरून केली असं लोक म्हणायचे आणि ते खरंच होतं. पण माणूस कामाला हिरा होता, नावाने बहीण असली तरी. त्याची एक सवय सांगून ठेवतो. प्रत्येक टाकीला बाहेरून उभी काचनळी असते, आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. बाळाराम कुठलाही व्हॉल्व्ह उघडण्याआधी काचनळीवर खडूने रेघ मारायचा. मी म्हणायचो, "अरे, हुकूम आला की उघडायचं, रेघा कसल्या मारतोस?" तो म्हणायचा, "असूं द्या भावोजी. कुठून निघालू ता ठाव पायजे."

ह्या धंद्यात माणसं भेटतात तीही क्रेनच्या मापाची. एका क्रेनचा जुना ऑपरेटर निरोप द्यायला आला होता. बावीस वर्षं तो तिच्या केबिनमध्ये बसला होता. क्रेन बार्जवर चढली, साखळ्यांनी जखडली, टगचा भोंगा वाजला, आणि ह्याला आठवलं की आपली छत्री केबिनमध्येच राहिली. गेला तो शिडीने वर. आम्ही कोणी पाहिलं नाही. तो छत्री शोधून खाली उतरेपर्यंत किनारा दिसेनासा झाला होता. चार दिवस आमच्याबरोबर वरणभात खाऊन तो दुसऱ्या बंदरात उतरला आणि एसटीने घरी गेला. छत्री परत केबिनमध्येच विसरला.

दुसऱ्या एका क्रेनच्या टोकाला घारीचं घरटं होतं, आत पिल्लं. काढवेना. आम्ही घरट्यासकट निघालो. घार तीन दिवस बार्जवर घिरट्या घालत सोबत आली. पोचल्यावर तिथल्या लोकांनी आम्हाला लेखी कळवलं की यंत्राच्या यादीत पक्ष्याचा उल्लेख नाही, आणि सदर पक्षी आमच्या ऑपरेटरच्या डोक्यावर झडप घालतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. कार्यवाही काय करणार? पिल्लं उडेपर्यंत त्यांचा ऑपरेटर हेल्मेटवर आणखी एक टोपलं घालून काम करत होता.

पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उल्हासनगरचे टेकचंद शेठ. त्यांचा लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना. कुठल्याशा बंदराच्या लिलावात त्यांनी फोटो बघून एक जुनी क्रेन घेतली. फोटोत क्रेनच्या शेजारी माणूस उभा नव्हता, त्यामुळे मापाचा अंदाज आला नाही. शेठना वाटलं, असेल आपल्या कारखान्याच्या शेडएवढी. मला फोन आला.

"भोईर साब, क्रेन इकडे उल्हासनगरला आणायची. रंग मारके एकदम नयी करतो, मग विकतो."

"शेठ, ती रस्त्याने येत नाही."

"रस्ता कशाला? नदी आहे ना. शहाडच्या पुलाखालून जाते. तुमची बार्ज तिथपर्यंत आणा, आगे मैं देखता हूँ."

"शेठ, ती पुलाच्या पंधरापट उंच आहे. आणि खाली पाणी गुडघाभर."

शेठनी बहुधा मनातल्या मनात पूल मोजला. मग म्हणाले, "पूल कोणाच्या अंडर येतो? आपण बात करून बघू."

मी त्यांना गाडीत घालून क्रेन दाखवायला नेलं. ते तिच्या पायाशी उभे राहिले, वर बघता बघता त्यांची टोपी मागे पडली. "साईं," ते हळूच म्हणाले, "ये तो मैंने बिल्डिंग ले ली." सुदैवाने खाली कोकणातल्या एका छोट्या बंदराला तशीच क्रेन हवी होती. शेठनी ती तिथल्या तिथे विकली, एका अटीवर: क्रेन उभीच्या उभी, न वाकता पोचली पाहिजे. आणि पोचवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं.

त्याच सुमारास कंपनीत एक नव्या इंजिनियर मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, लॅपटॉप घेऊन ऊन-पावसात उभ्या राहणाऱ्या. मला त्या आवडायच्या, पण त्यांना आमचा खुंट आवडत नव्हता. त्यांचं म्हणणं, आता व्हॉल्व्ह बटणावर चालतात, डेकवर एक माणूस बसला की झालं. मग बाकी दहा माणसं? ती घरी. मी साहेबांकडे जाऊन भांडलो. शेवटी ठरलं असं की शेठची क्रेन जुन्या पद्धतीने चढवायची, मॅडमनी बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. काही चुकलं तर बार्जला बटणं लागणार. मी माझ्या माणसांना जमवून सांगितलं, "ह्या वेळी पानासुद्धा खाली पडता कामा नये." अकरा घरांच्या चुली त्या खुंटावर होत्या, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

कामाच्या दिवशी सकाळी आमच्या रिवाजाप्रमाणे पूजा केली. खुंट आम्ही गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडने रंगवलेला, लालभडक. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पान्यालाही कुंकू लावलं. नारळ मात्र धक्क्यावर, रुळापुढे फोडला. मॅडमनी हात जोडले आणि लॅपटॉप उघडला. बाळाराम खिशात खडू घालून मॅनहोलमधून खाली उतरला. मॅनहोल खुंटाच्या अगदी लागून, वीतभर अंतरावर.

शेठना मी सकाळी सातला या असं सांगितलं होतं. पण ते शिळफाट्याला अडकले. भरती कोणासाठी थांबत नाही. आम्ही काम सुरू केलं. विंचने, म्हणजे दोरखंड गुंडाळणाऱ्या यंत्राने, क्रेन मुंगीच्या पावलांनी पुढे ओढत आणली. मी एक ठोका, दोन ठोके, पातळी बघ, परत एक ठोका. साडेनऊला पुढचे दोन पाय बार्जवर आणि मागचे दोन धक्क्यावर अशी क्रेन मधोमध उभी राहिली. सगळ्यात नाजूक वेळ हीच. इथे थोडं थांबायचं, साखळ्या तपासायच्या आणि मग मागचे पाय आणायचे. धक्का आणि बार्ज एका पातळीत होते. मॅडम आपल्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "मानलं, भोईरकाका."

त्याच वेळी शेठ आले. दोन गाड्या भरून माणसं, मिठाईचे खोके, अकरा नारळांची पिशवी, आणि हातात शाल. शेठचा मेहुणा गोपीही होता, चांगला दणकट, कपाटांचे पत्रे वाकवणारा. शेठ धक्क्यावरूनच ओरडले, "भोईर साब, इकडे या, आधी तुमचा सत्कार!"

आता मला सांगा, जन्मभर बोटीत पाणी भरणाऱ्या माणसाचा सत्कार कोणी केलाय? निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. मी खुंटापासून हललो. नियम माझाच होता की काम चालू असताना खुंट सोडायचा नाही, आणि तो मीच मोडला. दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणून मी धक्क्यावर गेलो. शेठनी शाल अंगावर घातली, पेढा तोंडात कोंबला आणि भाषण सुरू केलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

इकडे गोपी नारळांची पिशवी घेऊन बार्जवर गेला. त्याला सांगितलं होतं, देवापुढे नारळ फोड. त्याने चहूकडे बघितलं. त्याला लालभडक रंगाचा, हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला एक खुंट दिसला. समोर दुसरं काही देवासारखं नव्हतं. गोपीने चप्पल काढली, नमस्कार केला, आणि पहिला नारळ खुंटावर आपटला.

एक ठोका. खाली बाळारामने काचनळीवर रेघ मारली आणि व्हॉल्व्ह उघडला.

दुसरा नारळ. दुसरा व्हॉल्व्ह.

तिसरा जरा चिवट निघाला, दोनदा आपटावा लागला. बाळारामने एक व्हॉल्व्ह बंद केला. चौथा, पाचवा, सहावा एकेका दणक्यात फुटले. बाळारामने होते नव्हते तेवढे सगळे व्हॉल्व्ह उघडले. वर शेठचा मेहुणा मनोभावे नारळ फोडत होता आणि खाली माझा मेहुणा मनोभावे बार्ज बुडवत होता.

मला कळलं ते मॅडमच्या किंकाळीने. "तीन बोटं! काका, चार!" मी मागे वळलो. बार्जची धक्क्याकडची कड खाली चालली होती आणि क्रेन सगळ्या सांध्यांतून कुरकुरत किंचित पुढे झुकत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेठच्या बरोबरची मंडळी समजली, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल सावरत बार्जवर धावलो. गोपी नारळ डोक्यावर उचलून उभा होता.

"थांब!"

"अंकल, ग्यारह पूरे होने दो. अधुरा छोडा तो अपशकुन होता है."

मी पोचेपर्यंत त्याने अकराच्या अकरा फोडले. आणि तेवढ्यात एक नवल घडलं. मी पाना उचलायच्या आतच बार्ज खाली जायची थांबली. खालून पाण्याचा जो घोंघाट येत होता तो एकदम बंद झाला. सगळीकडे शांत. क्रेन झुकली होती तशीच उभी.

मॅडम धापा टाकत मॅनहोलपाशी आल्या. त्यांनी खुंटाभोवती पडलेल्या करवंट्या बघितल्या, माझी शाल बघितली. हुशार बाई, अर्ध्या मिनिटात सगळं ताडलं.

"काका, नारळ आपटून जर व्हॉल्व्ह उघडत असतील तर ही पद्धतच चुकीची आहे. मी तसंच लिहिणार. माणसाची चूक असती तर गोष्ट वेगळी."

अकरा घरं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही पुढे मी उभा राहिलो, शाल पांघरलेला. मी म्हणालो, "मॅडम, पान्याचा ठोका वेगळा आणि नारळाचा वेगळा. सराईत कानाला लगेच कळतं. पद्धतीत खोट नाही. खाली बाळाराम आहे ना, त्याला हल्ली ऐकू कमी येतं."

का बोललो, कसं सुचलं, देव जाणे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही त्याला खाली का बसवलंत?" मी म्हणालो, "मेहुणा आहे." ह्या उत्तरावर कोणाचाच पुढे प्रश्न येत नाही.

मग खाली पंप सुरू झाला. मी ठोका दिला नव्हता. चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. क्रेन सरळ झाली. तासाभराने मागचे पायही बार्जवर आले, शेठनी सगळ्यांना मिठाई वाटली, आणि दुपारी बाळाराम मॅनहोलमधून बाहेर आला. डोकं ओलं, केसांत खोबऱ्याचे तुकडे.

"काय रे, तुला कसं कळलं थांबायचं?" मी बाजूला घेऊन विचारलं.

"डोक्यावर पाणी गळाया लागलं भावोजी. मना वाटलं बार्ज फुटली. आता पळाचं, असा इचार केला. मंग जीभ लावून बघितली. गोड!" तो हसला. "समुद्र कवापासून गोड झाला? मंग वर बघितलं तं नारलाच्या करवंट्या. लगेच सगलं बंद केलं, आन पाणी खडूच्या रेघंवर आणून ठेवलं. पन भावोजी, तुमी कुठं व्हता?"

मी म्हणालो, "इथेच."

मॅडमनी रिपोर्टमध्ये लिहिलं की पद्धत ठीक आहे, मात्र संबंधित कामगाराच्या श्रवणशक्तीची तपासणी व्हावी. मला वाटलं, तपासणीत त्याचे कान ठणठणीत निघतील आणि माझं पितळ उघडं पडेल. उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानाला हेडफोन लावले. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. डॉक्टर बटणं दाबत होते आणि बाळारामचं बोट मांडीवर जसंच्या तसं होतं. शेवटी शेवटी एकदा वर आलं, तेही अर्धवट. डॉक्टर म्हणाले, "बरंच गेलंय हो. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. मी घाईत काहीतरी बोललो आणि ते खरंच निघालं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तेव्हा ते किती सहज उतरलं ह्याचंच आता नवल वाटतं.

बाकीची दहा माणसं मी निवृत्त होईपर्यंत बार्जवर टिकली. बाळारामला कंपनीने समुद्रावरून काढलं आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या गोडाऊनवर वॉचमन नेमलं. ज्याला ऐकू येत नाही असं कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे, त्याला चोरांची चाहूल घ्यायला बसवणारी आमचीच कंपनी. त्याने तिथे दहा वर्षं साखळ्या आणि दोरखंड राखले. पगार कमी झाला, आणि दर्या सुटला तो सुटलाच. त्याला बार्ज फार आवडायची, हे मला माहीत होतं.

मी माझ्या परीने भरपाई केली. टेकचंद शेठना सांगून कानाचं मशीन आणवलं. शेठना कुठलीही वस्तू एक घेणं जमत नाही; त्यांनी चार आणली, एक मलाही घालायला लावत होते. बाळारामने ते निमूट घेतलं. मी आणि माझी मुलं, सगळे भाऊबंद त्याच्याशी ओरडून बोलू लागलो. लग्नात, साखरपुड्यात आमची पंगत लांबून ओळखू यायची. हिरा मात्र त्याच्याशी हळूच बोलायची. मी म्हणायचो, "अगं, मोठ्याने बोल, त्याला ऐकू यायला नको?" ती आपली त्याच्या ताटात आणखी वाढायची.

इथपर्यंत मी लिहून ठेवलं होतं, आणि लेखाचं नाव दिलं होतं 'अकरा नारळ'. दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवायचं म्हणजे आधी घरात वाचून दाखवावं, म्हणून परवा हिराला स्वयंपाकघरात बसवलं. बाळारामही आला होता, बाहेर हॉलमध्ये पेपर वाचत बसला होता. कानाचं मशीन काढून शेजारी टीपॉयवर ठेवलेलं मी जाताना पाहिलं होतं. त्यामुळे निर्धास्त होतो. तरी आवाज बारीकच ठेवला. त्याच्याबद्दल खोटं बोललो तो भाग तर जवळजवळ पुटपुटलो.

शेवटचं वाक्य संपलं आणि बाहेरून आवाज आला.

"नऊ."

मी वहीतून मान वर काढली.

"अकरा नाय भावोजी, नऊ. दोन तुमी त्या गोपीच्या हातातनं हिसकावलं आन शालीत गुंडाळून घरी आणलं. ताईनं त्याच्या वड्या केल्या. मीबी खाल्ल्या."

तो दारात येऊन उभा राहिला. मशीन त्याच्या हातात होतं, काचेच्या गोटीसारखं तळव्यावर खेळवत होता. मी सवयीने ओरडलो, "तुला ऐकू येतं?"

"वरडू नका. शेजारी काय म्हणतील?"

"मग त्या दिवशी..."

"मॅनहोल उघडा व्हता. मी पाणी बंद केलेलं, खाली चिडीचूप. त्या मॅडम बोलल्या, पद्धत चुकीची लिवते. ता बी ऐकलं. तुमी बोललात, ता बी ऐकलं." त्याने मशीन दुसऱ्या हातात घेतलं. "पंप लावाया मना थोडा उशीर झाला तो त्याच्यामुलं."

"पण डॉक्टरांकडे तू बोट..."

"शिट्टी येत व्हती की. बारीक, छान. पन बोट वर केलं असतं तं कान चांगलं निघालं असतं. मंग चूक कुनाची? खुंटाची. आन खुंटापाशी कोन नव्हतं?" त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, काचनळीतली पातळी बघावी तसं. "धा जणांची घरं व्हती. तुमचं आन ताईचं धरून अकरा."

मी हिराकडे वळलो. ती ताटातली मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कधी त्याच्याशी मोठ्याने बोलले का?"

इतकी वर्षं. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसून, आवाज खाली आणून त्याच्याबद्दल लोकांना सांगत आलो, 'बिचाऱ्याचे कान गेले.' आणि तो माझ्या समोर बसून ते ऐकत आला. मला रडू आलं. ह्या वयात आलं आणि मी आवरलं नाही. मी म्हणालो, "बाळाराम, मी हे सगळं छापतोच आता. तुझं नाव घालून. त्या मॅडमनाही पाठवतो. मी खुंट सोडला होता, शालीसाठी सोडला होता, हे लिहितो, आणि..."

बाळारामने हात वर केला आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकलं.

एकदा. आणि परत एकदा.

जांभूळपासूनची सवय. मी वही मिटली.